कुत्र्यांच्या रक्तातील उत्तर फेकून देऊ नये : नाशिकमधील एका पशुवैद्यकाचे खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका

विषय : निर्बीजीकरणासाठी आणलेल्या भटक्या कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने जतन करणे व त्यांत श्वान-ॲडिनोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तपासणे याबाबत

महोदय,

नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांवर उपचार करताना मला २२ वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात पंचवटीतील एक आजी आणि त्यांची शाळकरी नात तीन महिन्यांचे एक पिल्लू कापडी पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आल्या. त्यांच्या घरामागच्या रिकाम्या जागेत एका भटक्या कुत्रीला चार पिल्ले झाली होती आणि त्यांतले हे एकच उरले होते. "मॅडम, बाकीची तिन्ही चार दिवसांत गेली. गल्लीत म्हणतात, कुणीतरी विष घातलं," असे आजी सांगत होत्या. मेलेल्या पिल्लांना आधी सणसणून ताप आला होता, ती सारखी पाणी पीत होती, उलट्या करत होती, पोटाला हात लावू देत नव्हती आणि एकाच्या हिरड्यांतून रक्त आले होते, हे सर्व त्यांनी एकेक करून आठवून सांगितले. समोरच्या पिल्लाचा ताप उतरलेला होता आणि ते खाऊही लागले होते. मात्र त्याच्या डाव्या डोळ्यावर निळसर, धुकट पडदा चढला होता.

हा निळा डोळा आम्हा पशुवैद्यकांना पुस्तकातून ठाऊक असतो. श्वान-ॲडिनोव्हायरसचा पहिला प्रकार, म्हणजे सीएव्ही-१, यकृतावर हल्ला करतो. जनावर त्यातून वाचले तर एक ते तीन आठवड्यांनी, विषाणू आणि त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे यांचे गुंते डोळ्यात साचून बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो आणि निळा दिसू लागतो. म्हणजे तो डोळा रोग हटत असल्याची खूण होता आणि गल्लीतल्या विषाच्या संशयाला बहुधा काही आधार नव्हता. 'बहुधा' म्हणावे लागते, कारण मला ते सिद्ध करता आले नाही. बरे झालेले कुत्रे सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लघवीवाटे हा विषाणू बाहेर टाकत राहते, त्यामुळे लघवीच्या नमुन्याची पीसीआर तपासणी झाली असती तर प्रश्न एका दिवसात सुटला असता. मी चौकशी केली तेव्हा पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजारांची तपासणी करून मिळेल, ही मात्र होत नाही, असे उत्तर आले. पिल्लाचा डोळा तीन आठवड्यांत निवळला, पण माझ्या नोंदवहीत त्याच्यापुढे 'संशयित' हा शब्द कायमचा राहिला. असे 'संशयित' माझ्या वह्यांत पुष्कळ आहेत आणि शहरातील माझ्या सहव्यावसायिकांच्या वह्याही याहून वेगळ्या नसतील. उलट्या करणारे पिल्लू पार्व्होच्या खात्यात जाते, कावीळ दिसली तर लेप्टो किंवा गोचीड तापाच्या, आणि अचानक मेलेले विषबाधेच्या.

हा विषाणू काही नवा नव्हे. १९२५ साली अमेरिकेत पिंजऱ्यात पाळलेल्या रुपेरी कोल्ह्यांमधील मेंदूदाहाच्या रूपाने त्याची पहिली नोंद झाली आणि १९४७ साली स्वीडनमधील स्वेन रुबार्थ यांनी कुत्र्यांमधील संसर्गजन्य यकृतदाहाचे सविस्तर वर्णन केले. १९६१ साली कॅनडातील टोरांटो येथे खोकणाऱ्या कुत्र्यांमधून त्याचा दुसरा प्रकार, सीएव्ही-२, वेगळा करण्यात आला. हा दुसरा भाऊ श्वसनमार्गात राहतो, खोकला आणतो आणि एकट्याने क्वचितच जीव घेतो. दोघांचे नाते मात्र इतके जवळचे आहे की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही अडवते. पूर्वी सीएव्ही-१ दुबळा करून त्याची लस दिली जाई. तिने काही कुत्र्यांना तोच निळा डोळा होई. म्हणून जगभर तिच्या जागी सीएव्ही-२ ची लस आली, आणि ती दोन्ही आजारांपासून संरक्षण देते. डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडिनो या तीन लसी प्रत्येक कुत्र्याला मिळायलाच हव्यात, असे लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना सांगते.

येथे एक गोष्ट पालकांसाठीही सांगून ठेवते, कारण ती रोज माझ्या टेबलावर घडते. सहा आठवड्यांच्या पिल्लाला आपण जी 'पपी डीपी' टोचतो, तिच्यात डिस्टेंपर आणि पार्व्हो एवढेच असतात. ॲडिनोव्हायरसचा घटक पुढच्या, 'सेव्हन-इन-वन' किंवा 'नाइन-इन-वन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लसींत येतो. पहिले इंजेक्शन झाले, पिल्लू खेळू लागले, म्हणून जे पालक परत येत नाहीत, त्यांच्या पिल्लाला या विषाणूपासून काहीच संरक्षण मिळालेले नसते. आणि भटक्या कुत्र्यांचा तर प्रश्नच नाही. १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा भर निर्बीजीकरण आणि रेबीजची लस यांवर आहे. रेबीज जीवघेणा असल्याने तो क्रम बरोबरच आहे आणि तो बदलावा असे मी म्हणत नाही.

मग हे पत्र आरोग्य विज्ञान विद्यापीठालाही का लिहिले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. त्याचे कारण असे की ज्या सीएव्ही-२ ची लस मी पिल्लांना देते, तोच विषाणू गेली पंचवीसेक वर्षे मेंदूच्या संशोधनात जनुके वाहून नेण्याचे काम करत आहे. याचे बरेचसे श्रेय फ्रान्समधील माँपेलिए येथील एरिक क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. विषाणूला वाढण्यासाठी लागणारी जनुके काढून टाकायची, त्या जागी आपल्याला हवे ते जनुक बसवायचे आणि विषाणूचे कवच त्याला पेशीच्या आत पोचवते, ही पद्धत मानवी ॲडिनोव्हायरसवर आधीच वापरली जात होती. तिच्यात मोठी अडचण होती ती आपल्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीची. मानवी ॲडिनोव्हायरस आपल्याला लहानपणापासून सर्दी-खोकला, ताप, डोळे येणे अशा रूपांत भेटत असतात. त्यामुळे बहुतेक प्रौढांचे शरीर हे वाहक, म्हणजे जनुक वाहून नेणारे बदललेले विषाणू, ओळखून त्यांच्यावर तुटून पडते. १९९९ साली अमेरिकेत मानवी ॲडिनोव्हायरस-५ वर आधारित वाहक दिल्यानंतर जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा तरुण प्रतिकारशक्तीच्या अनावर प्रतिक्रियेने दगावला, आणि या साऱ्या क्षेत्राला थांबून विचार करावा लागला.

ज्या विषाणूशी माणसाची पूर्वओळख नाही असा वाहक निवडणे, ही एक वाट त्यातून पुढे आली. ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्यात तयार झालेली आणि आपल्यापैकी लाखोंनी दंडावर टोचून घेतलेली कोविशिल्ड लस चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसवर आधारलेली होती, ती याच विचाराने. श्वान-ॲडिनोव्हायरस त्याच रांगेत उभा आहे. त्याचा माणसाला आजार होत नाही आणि फ्रान्समधील संशोधकांनी मानवी रक्त तपासले, तेव्हा त्याला ओळखणाऱ्या पेशी मानवी ॲडिनोव्हायरसच्या तुलनेत फारच कमी आढळल्या.

त्याचा दुसरा गुण मला, एक वैद्यक म्हणून, अधिक विलक्षण वाटतो. मेंदूत सोडल्यावर सीएव्ही-२ चा वाहक आजूबाजूच्या इतर पेशींपेक्षा चेतापेशींनाच अधिक पसंती देतो, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. चेतापेशीचा लांब तंतू जिथे संपतो, तिथे पेशीच्या पृष्ठभागावरील 'कार' नावाच्या ग्राहीला (विषाणू ज्याला चिकटतो त्या प्रथिनाला) धरून तो आत शिरतो आणि तंतूतून उलट दिशेने प्रवास करत थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. म्हणजे स्नायूत दिलेला वाहक पाठीच्या कण्यातील प्रेरक पेशीपर्यंत जातो आणि मेंदूच्या एका भागात दिलेला वाहक त्या भागाला दुरून तारा जोडणाऱ्या पेशी शोधून काढतो. रेबीजचा विषाणूही चाव्याच्या जागेपासून मेंदूकडे असाच तंतूंच्या वाटेने चढत जातो. ज्या वाटेने मृत्यू येतो, त्याच वाटेने औषध पाठवण्याची ही शक्यता आहे आणि रेबीजचे रुग्ण ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मेंदूतील कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे याचे नकाशे काढण्यासाठी आज हा वाहक अनेक प्रयोगशाळांत वापरला जातो.

पुढे विषाणूची सगळीच जनुके काढून केवळ दोन टोके आणि कवचात भरले जाण्याची खूण तेवढी ठेवलेले वाहक तयार झाले. त्यांत डीएनएच्या सुमारे ३० हजार अक्षरजोड्यांचा मजकूर मावतो. जनुकोपचारात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एएव्ही या वाहकात ४.७ हजारांच्या आसपासच मावतो. उंदरांच्या मेंदूत अशा रिकाम्या केलेल्या सीएव्ही-२ ने दिलेले जनुक, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न देताही, वर्षभर काम करत राहिले. स्लाय आजारात एका विकराच्या (एन्झाइमच्या) अभावी पेशींत न पचलेले पदार्थ साचत जातात आणि हा आजार मुलांप्रमाणे काही कुत्र्यांनाही जन्मतः होतो. त्या कुत्र्यांच्या मेंदूतही हा वाहक वापरून पाहिला गेला आहे आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले आहेत. कुत्र्यांच्या आजारातून निघालेला विषाणू कुत्र्यांच्याच दुसऱ्या आजारावर उपचार म्हणून वापरला जातो आणि त्यातून माणसाच्या मुलांसाठी वाट शोधली जाते, हे मी प्रथम वाचले तेव्हा कितीतरी वेळ ते पान उलटवू शकले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. पिल्लाला लस देणारी मी आणि मेंदूत जनुक पोचवू पाहणारा संशोधक, दोघांनाही आधी एकच गोष्ट माहीत असावी लागते : समोरच्या शरीराची या विषाणूशी पूर्वी गाठ पडली आहे का? आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात टिकून असतील तर ती माझी लस निष्प्रभ करतात. म्हणूनच आम्ही सोळा आठवडे उलटेपर्यंत लसीची पुन्हा पुन्हा मात्रा देतो. ज्या रक्तात आधीपासून प्रतिपिंडे आहेत, तिथे संशोधकाचा वाहकही वाटेतच निकामी होतो. प्रश्न एक आहे, त्याचे उत्तर रक्तात आहे आणि ते रक्त आपल्या शहरात रोज हाताशी येते.

याचा संबंध थेट रेबीजशीही आहे. सीएव्ही-२ च्या पोटात रेबीज विषाणूच्या आवरणावरील प्रथिनाचे जनुक बसवून तयार केलेल्या लसीने कुत्र्यांना रेबीजपासून वाचवता येते, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. तत्पूर्वी, २००२ साली, डिस्टेंपरचे जनुक वाहणाऱ्या सीएव्ही-२ ने, आईकडून प्रतिपिंडे मिळालेल्या पिल्लांनाही संरक्षण दिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. युरोप आणि उत्तर अमेरिकेत रानातील कोल्हे आणि रकून यांना आमिषातून तोंडावाटे रेबीजची लस दिली जाते. कॅनडात वापरली जाणारी अशी एक लस मानवी ॲडिनोव्हायरसवर आधारलेली आहे. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जी कुत्री हाताला लागत नाहीत, जाळ्यात येत नाहीत, त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी उद्या अशा एखाद्या लसीचा विचार झालाच, तर पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की आपल्या रस्त्यांवरील कुत्र्यांमध्ये ॲडिनोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडे किती आहेत. आपल्याच राज्यात, सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात, मोकाट कुत्रे आणि खोकड यांचा जो अभ्यास झाला, त्यात डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडिनो या तिन्ही विषाणूंचा कुत्र्यांमध्ये मोठा प्रसार आढळला आणि खोकडांच्या रक्तातही त्यांच्या खुणा मिळाल्या. येवल्याच्या माळरानावर, ममदापूरच्या आसपास, गावची कुत्री आणि रानातले प्राणी एकाच पाणवठ्यावर येतात. नान्नजला जे दिसले, ते तिथे आहे की नाही हे पाहणे आपल्यालाही अवघड नाही.

माझी मागणी यातून निघते आणि ती मोठी नाही. निर्बीजीकरणासाठी आणलेल्या प्रत्येक कुत्र्याला भूल दिलेली असतेच. त्याच वेळी तीन मिलिलिटर रक्त काढावे, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा स्वच्छ द्रव) वेगळे करावे, कुत्र्याचे अंदाजे वय, लिंग आणि ते सिडको, सातपूर, नाशिक रोड, देवळाली, आडगाव यांपैकी कोणत्या भागातून आणले याची नोंद त्यावर करावी आणि ते डीप फ्रीझरमध्ये जतन करावे. भटक्या कुत्र्यांना ॲडिनोची लस सहसा मिळालेली नसते, त्यामुळे त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे खऱ्या संसर्गाचीच साक्ष असते. घरच्या, लस घेतलेल्या कुत्र्यांकडून ती इतकी स्वच्छ मिळत नाही. ही मोजणी पशू विज्ञान विद्यापीठाने करावी. मुंबईत परळ येथे १८८६ पासून चालत आलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय या विद्यापीठाच्या छायेखाली आहे आणि अशा कामाची परंपरा त्यांच्याकडे आहे.

त्याबरोबरच संशयित पिल्लांची लघवी आणि मृत पिल्लांच्या यकृताचा तुकडा यांची पीसीआर तपासणी नाशिकमध्येच व्हावी. विषाणूच्या ई-३ या भागावर बेतलेली एक जुनी, सरळ पद्धत आहे : सीएव्ही-१ असेल तर ५०८ अक्षरजोड्यांचा तुकडा मिळतो, सीएव्ही-२ असेल तर १,०३० चा, आणि जेलवर दोन्ही पट्टे डोळ्यांनी वेगळे दिसतात. कोविडच्या काळात आपल्या जिल्ह्यात पीसीआर यंत्रे आली, ती चालवणारे हात तयार झाले. ते हात आता पुन्हा मोकळे आहेत.

आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे माझे मागणे वेगळे आहे. माणसांमध्ये श्वान-ॲडिनोव्हायरसची ओळख कमी, हा निष्कर्ष ज्या समाजातून आला, तिथे कुत्रे घरात, लस घेतलेले आणि पट्ट्याला बांधलेले असते. आपल्याकडे कुत्री पकडणारे कर्मचारी, घंटागाडीवरचे कामगार, आम्ही पशुवैद्यक, गोदाघाटावर कुत्र्यांच्या शेजारीच झोपणारी माणसे, यांचा या प्राण्यांशी संबंध किती निकटचा असतो, हे आपण पाहतोच. या लोकांच्या रक्तात सीएव्ही-२ विरुद्धची प्रतिपिंडे आहेत का, हे आपल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने, नीतिसमितीच्या मान्यतेने आणि प्रत्येकाची लेखी संमती घेऊन तपासावे. नसतील, तर या वाहकाची भिस्त ज्या गृहीतकावर आहे, त्याला आपल्या देशातून बळ मिळेल. असतील, तर उद्या आपल्या एखाद्या मुलावर हा वाहक वापरण्याआधीच ते कळलेले बरे.

पैसे आणि मनुष्यबळ रेबीजवर खर्च व्हावे, खोकल्या-काविळीवर नव्हे, असा आक्षेप येईल, याची मला जाणीव आहे. सिंहस्थ तोंडावर असताना तर तो अधिकच जोराने येईल. पण यासाठी वेगळे कुत्रे पकडायचे नाही, वेगळी भूल द्यायची नाही. ज्या कुत्र्याला रेबीजची लस आधीच मिळालेली असेल, त्याला ती खरोखर लागू पडली का, हेही त्याच सीरममधून तपासता येते. ते कामही मग आपोआप होईल. दुसरी अडचण परवानग्यांची आहे. जनावरांवरील प्रयोगांच्या नियमांची मला कल्पना आहे आणि त्यांना वळसा घालावा असे मी सुचवत नाही. दोन विद्यापीठे आणि महानगरपालिका यांनी मिळून एकच प्रस्ताव दिला, तर तो तीन ठिकाणी तीन वेळा अडणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक छोटी गोष्ट निर्बीजीकरण केंद्रांसाठीही लिहिते. ॲडिनोव्हायरसला स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे अनेक जंतुनाशके त्याच्यापुढे दुबळी ठरतात आणि खोलीच्या तापमानातही तो बराच टिकतो. एका कुत्र्यामागून दुसरे ज्या पिंजऱ्यात येते, तो केवळ फिनेलच्या पाण्याने पुसून भागत नाही. ब्लीचचे ताजे द्रावण वापरावे आणि जिथे शक्य असेल तिथे वाफ द्यावी.

माझ्याकडून जे होण्यासारखे आहे ते मी आजच सांगते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पिल्लांचे, पालकांची संमती घेऊन, एक-दोन मिलिलिटर जास्तीचे रक्त आणि संशयित रुग्णांची लघवी मी विनामूल्य देईन. नोंदींचा तक्ता माझ्याकडे तयार आहे. पंचवटीतील ते पिल्लू आता मोठे झाले आहे. आजींनी त्याला घरात घेतले आहे आणि पुढच्या महिन्यात ते लसीसाठी येणार आहे. त्या दिवशी मी त्याचे रक्त काढून सीरम वेगळे करून ठेवणार आहे. ते पाठवण्यासाठी मला आपल्याकडून एक पत्ता हवा आहे.

आपली विश्वासू,
नाशिकमधील एक पशुवैद्यक